अडतीस सेकंदांची बुरशी

बिबवेवाडीत वैजनाथच्या दुकानावर आजही पाटी आहे : 'जुन्या लग्नाच्या कॅसेटवरून सीडी करून मिळेल.' खाली कुणीतरी खडूनं लिहून ठेवलंय, 'जुन्या लग्नाचं काय करायचं ते विचारू नये.' वैजनाथनं ते पुसलेलं नाही. पुण्यात तीस वर्षं काढल्यावर माणूस एवढं शिकतोच.

बाविसाव्या वर्षी तो हिंगोलीकडून कारखान्यात कामाला आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला इथलं काही मानवेना. ट्रंक भरून तो परतीच्या वाटेला लागला होता. रस्त्यात एक वरात आडवी आली. पुढे जयमाला ब्रास बँड, चोवीस माणसं, लाल ड्रेस, आणि त्यांच्यापुढे उलटे चालत क्लॅरिनेट वाजवणारे रंगराव मास्तर. वैजनाथ ट्रंकेसकट वरातीच्या मागे गेला, तो थेट नवऱ्याच्या दारापर्यंत. तिथे त्याला वऱ्हाडी समजून कुणीतरी जिलबीची ताटली हातात दिली. तो हिंगोलीला परत गेला नाही, याचं श्रेय तो अजून क्लॅरिनेटला देतो. बायको जिलबीला देते.

पुढे कारखाना सुटला, दुकान आलं. मोठमोठ्या स्पीकरच्या भिंती रस्त्यावर आल्या तसा जयमाला बँड बंद पडला. त्या बँडची ना कधी रेकॉर्ड निघाली, ना कुठल्या कंपनीची कॅसेट. चोवीस माणसांनी आयुष्यभर जे वाजवलं ते उरलं होतं फक्त लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओत, तेही मामांच्या आहेरामागे आणि जेवणाच्या पंगतीआधी. वैजनाथ प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, "वरातीचा तेवढा तुकडा मला ठेवून घेऊ का?" लोक हसून हो म्हणायचे. नवरा-नवरीला सोडून बँड मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

त्या तुकड्यांच्या तो सीड्या करायचा. आधी स्वतःसाठी, मग त्याच्यासारखेच आणखी खुळे भेटत गेले त्यांच्यासाठी. असे अकरा जण झाले. प्रत्येकाची सीडी वेगळी, ज्याला जे हवं ते. सदाशिव पेठेतल्या दातांच्या डॉक्टर तनुजाबाईंना नुसता क्लॅरिनेट हवा असे. पेशंटच्या दाढेत ड्रिल घालताना त्या तो लावत. बिबवेवाडी गावठाणातल्या रणजितला ढोल हवा असे, तोही जीपच्या काचा थरथरतील इतका. रविवारी सकाळी दुकानात सगळे जमत, सीड्यांची अदलाबदल होई, आणि बोलणं असं चाले : "शिळीमकरांची ऐकलीत का?" "पासलकरांची बरी होती, पण फटाक्यांनी घाण केली." बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, ही माणसं सोयरिकी जमवतायत. शिळीमकर कोण, पासलकर कोण, त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. वरात तेवढी तोंडपाठ होती. कुठल्या वरातीत घोडा शिंकतो आणि कुठल्या वरातीत कोण मावशी "पाकीट कुठंय गं" म्हणून ओरडते, सगळं.

आणि सगळ्या वरातींची राणी म्हणजे शिळीमकरांची, सन चौऱ्याण्णव. मास्तरांनी मांड रागात स्वतः एक चाल बांधली होती. नऊ मिनिटांची ती चाल पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत फक्त त्या एका कॅसेटमध्ये होती. म्हणजे असायला हवी होती. मधेच, मारुतीच्या देवळाची घंटा वाजल्यावर थोड्या वेळानं, चित्र काळं होई आणि सूर गायब होई. नुसती खरखर. अडतीस सेकंदांनी बँड पुन्हा ऐकू येई, तेव्हा चाल पुढे गेलेली असे, बरोबर अडतीस सेकंद पुढे. वैजनाथनं ओळखलं, ही बुरशी. दमट कपाटात पडलेल्या कॅसेटींना पांढरी बुरशी धरते आणि ती आवाज खाऊन टाकते. पुण्यातल्या निम्म्या लग्नांना ती लागलेली आहे.

देवघरात खंडित मूर्ती ठेवत नाहीत. वैजनाथला तो खंडित तुकडा संग्रहात सोसवेना. त्यानं पासलकरांच्या वरातीतून चालीचा नेमका तेवढाच भाग उचलला आणि त्या भोकात बसवला. बसला तो असा की केसाएवढंही इकडेतिकडे करावं लागलं नाही. भोक अडतीस सेकंदांचं, ठिगळही अडतीस सेकंदांचं. आपल्या हाताला देवानं यश दिलंय असं त्याला त्या दिवशी वाटलं. मूळ सीडीच्या पाकिटावर त्यानं लाल मार्करनं 'खंडित' लिहून ती कपाटात टाकली, आणि नव्या सीडीवर 'अखंड' लिहून अकराही जणांना दिली. ठिगळाचं मात्र कुणाला सांगितलं नाही. अकरा वर्षं झाली, कुणाला कळलंही नाही.

श्रावणातल्या एका सकाळी दुकानात फोन आला. मास्तरांच्या पत्नी, यमुनाबाई बोलत होत्या. "मास्तरांनी बोलावलंय. ती शिळीमकरांची सीडी घेऊन या."

वैजनाथ ज्यांच्यासाठी अर्धं आयुष्य घासत होता, त्यांच्या घरात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. घर दहा मिनिटांवर होतं. पण देवळाच्या बाहेरून हात जोडणारी माणसं असतात, त्यातला तो. आता बोलावणंच आलं. त्यानं दाढी केली, दिवाळीचा शर्ट घातला, एक सोडून पंचवीस सीड्या पिशवीत भरल्या, सीडी प्लेअर घेतला, आणि मास्तरांची सही घ्यायला खिशात मार्करही ठेवला. शाबासकी घ्यायला निघालेला माणूस दुरूनच ओळखू येतो.

चौऱ्याऐंशी वर्षांचे रंगराव मास्तर खाटेवर बसले होते. कानटोपी घातलेले, एवढेसे. वैजनाथनं पाय धरले. मास्तर म्हणाले, "बसा. लावा."

त्यानं 'अखंड' लावली. क्लॅरिनेट सुरू झाला आणि त्या दोन खोल्या भरून गेल्या. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा आवाज त्यांच्याच पुढ्यात वाजतोय आणि आपण ते बघतोय, या विचारानं वैजनाथच्या अंगावर काटा आला. देवळाची घंटा वाजली.

"मारुती," मास्तर म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. "थांबा. मागं घ्या." त्यानं मागे घेतलं. "परत." परत घेतलं.

"हितं बजरंग कुठनं आला?"

वैजनाथला काही कळेना.

"ट्रंपेट. ही बजरंगची फुंक हाय. शिळीमकरांच्या वरातीला बजरंगला गालगुंडं झालेली, तोंडाचा भोपळा झालेला. त्याच्या जागी माऊलीनं वाजवलेलं सगळं. सुरवातीला माऊली हाय, शेवटाला माऊली हाय. मधी तेवढा बजरंग कसा? घरनं अंथरुणात पडून वाजवला का त्यानं?"

अकरा माणसांनी ती सीडी शेकडो वेळा ऐकली होती. त्यातले तिघं तर स्वतःला जाणकार म्हणवत. कुणाला ठिगळ दिसलं नव्हतं, आणि या म्हाताऱ्यानं एका फुंकरीवरून माणूस ओळखला, तोही तीस वर्षांनी. वैजनाथची मान आपोआप खाली गेली.

"टेपला बुरशी होती, मास्तर. अडतीस सेकंद खाल्ले होते. मी पासलकरांच्या वरातीतून भरून काढले."

यमुनाबाई बोलल्या. "मुक्ताबाईंना ओळखता का? रणजितची चुलती. मारुतीच्या पुढचं घर त्यांचं. शिळीमकरांची वरात होती त्या दुपारी त्यांचे मालक गेले, गेनबा. लेकी यायच्या होत्या म्हणून मयत घरात ठेवलेलं. शिळीमकरांना घरी जायला दुसरा रस्ता नाही. बाई तेव्हा रडून रडून भानावर नव्हत्या, पण मागाहून सगळ्यांनी सांगितलं, बँड तुमच्या दारावरनं मुक्यानं गेला. तीस वर्षं त्या यांना मानत होत्या, दर दसऱ्याला सोनं द्यायला यायच्या. गेल्या आठवड्यात रणजितनं त्यांना दवाखान्यात नेलं. जीपमध्ये तुमची सीडी चालू होती."

पुढचं सांगायची गरज नव्हती. त्या गल्लीतला प्रत्येक नवरदेव मारुतीला घंटा वाजवून पाया पडतो, आणि घंटेनंतर मुक्ताबाईंचं दार येतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मुक्ताबाईंनी घंटा ऐकली असणार, आणि मग पुढे वाजत राहिलेला बँड.

"दारात येऊन म्हणाल्या," यमुनाबाईंनी सांगितलं, "माझा माणूस आत निजवला होता, आणि तुम्ही वाजवत गेलात. तेव्हापासून यांना घास जात नाही."

"बुरशी न्हवती ती," मास्तर म्हणाले. "आमी थांबलो हुतो." त्यांनी प्लेअरकडे बोट केलं. "बाईला खरं ते ऐकवा. एवढंच काम हाय तुमच्याकडं."

सही राहिलीच. पिशवी उचलून वैजनाथ घरी आला तो मेल्याहून मेल्यासारखा होऊन. जिवापाड जपलेल्या माणसाच्या तोंडाला आपणच काळं फासलं होतं, आणि वर त्याला 'अखंड' म्हटलं होतं. रात्रभर त्याला दुसरीच भीती खात होती. थांबले असते, तर चाल पुढे कशी गेली? थांबलेला बँड जिथं सोडतो तिथूनच उचलतो. अडतीस सेकंद पुढे गेलेली चाल म्हणजे बँड वाजत होता, टेप फिरत होती, आणि बुरशीनं आवाज खाल्ला होता. याच हिशेबानं तर त्यानं ठिगळ लावलं होतं. मास्तरांचं वय झालंय. आणि माणूस तीस वर्षं जे सांगत आला, ते त्याला खरंच वाटायला लागतं.

कपाटातली 'खंडित' घेऊन तो दुसऱ्या दिवशी दुपारी सदाशिव पेठेत गेला. तनुजाबाईंचा दवाखाना एक ते चार बंद असतो. त्या वेळेत दाढ धरून आलेल्यालाही त्या पाटी वाचायला सांगतात. पण वैजनाथचा चेहरा बघून त्यांनी दार उघडलं. त्यानं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे अकरा वर्षं मी बजरंगला दाद देत होते, तीही चुकीच्या लग्नात," त्या म्हणाल्या. "आपली कला थोर आहे, वैजनाथराव. द्या ती सीडी."

त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यांनी खरखर कमी केली आणि आवाज मोठा केला. दोघांनी एकेक हेडफोन कानाला लावला. माऊलीचा ट्रंपेट वाजता वाजता कापल्यासारखा बंद झाला. मग खरखरीच्या तळातून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "लाइट बंद कर. मयत हाय."

तनुजाबाईंनी सीडी थांबवली.

चित्र काळं झालं होतं ते व्हिडिओवाल्यानं दिवा विझवला म्हणून. पुन्हा लावल्यावर पावलं ऐकू आली. चोवीस जणांचे बूट, एका ठेक्यात, चर्र, चर्र. कुणीतरी खोकला दाबला. लांब आतून एका बाईचं रडणं आलं आणि मागे पडलं. एकही ढोल नाही, एकही सूर नाही. टेपला काही झालेलं नव्हतं. अकरा वर्षं ज्याला वैजनाथ बुरशी म्हणत होता, ते त्या माणसांचं मुकं चालणं होतं.

"पण मग चाल पुढे कशी गेली?" तनुजाबाईंनी अखेर विचारलं.

वैजनाथनं सीडी काढून पाकिटात घातली.

रविवारी सकाळी रणजितनं मास्तरांना जीपमधून मुक्ताबाईंच्या घरी आणलं. जीपमधला प्लेअर त्यानं चार दिवसांत लावला नव्हता. तनुजाबाई आणि वैजनाथ आधीच ओट्यावर बसले होते. मुक्ताबाईंनी मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पण 'या' म्हटलं नाही. त्यांच्या घरात पाणी सगळ्यांना मिळतं.

"बाई, चूक माझी आहे," वैजनाथ म्हणाला. "रणजितच्या गाडीत तुम्ही ऐकलं ते खरं नव्हतं. मधलं मी घातलेलं होतं, दुसऱ्या वरातीतलं. खरं हे आहे."

त्यानं 'खंडित'च्या पाकिटातली सीडी लावली, तनुजाबाईंनी आवाज मोठा करून दिलेली. मांड सुरू झाली. मुक्ताबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, रस्त्याकडे बघत. घंटा वाजली तेव्हा त्यांनी पदर तोंडाशी नेला. माऊलीचा ट्रंपेट वाजला आणि बंद झाला. "लाइट बंद कर. मयत हाय." मग नुसती पावलं.

बाई जागच्या हलल्या नाहीत. आतलं ते रडणं ऐकू आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. तीस वर्षांपूर्वीचं आपलंच रडणं दारातून ऐकणं कसं असतं, कोण जाणे. वैजनाथला त्यांच्याकडे बघवेना. त्यानं मान फिरवली, आणि त्याची नजर मास्तरांच्या हातांवर गेली.

मास्तरांची बोटं गुडघ्यावर चालत होती. एक उचले, दोन बसत, पुन्हा एक उचले. वैजनाथनं क्लॅरिनेट वाजवणारी ती बोटं पन्नास कॅसेटींत पाहिली होती. ती उगाच हलत नव्हती. ती मांड वाजवत होती. खरखर चालू होती, बूट वाजत होते, आणि बोटं एकेक सूर घेत पुढे जात होती, न चुकता, न थांबता. वरच्या सुरावर ती पोचली आणि त्याच क्षणी प्लेअरमधून चोवीसच्या चोवीस माणसं एकदम लागली, त्याच सुरावर. ढोल, झांज, ट्रंपेट, सगळं. मागेपुढे नाही.

वैजनाथच्या डोळ्यांपुढे लख्ख झालं. त्याच्या हाताला कसलं यश आणि कसलं काय! ठिगळ बसलं, कारण त्या भोकात चाल होतीच. त्या अडतीस सेकंदांत बँडनं वाजवायचं थांबवलं होतं, मांड थांबवली नव्हती. चोवीस माणसं ती मनातल्या मनात वाजवत या दारावरून गेली होती, आणि पलीकडे गेल्यावर, कुणी इशारा न करता, एकाच श्वासात त्यांनी ती बाहेर काढली होती. एवढं मोठं काही त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकलं होतं, आणि खोडून टाकलं होतं.

"मास्तर," तो म्हणाला. "मास्तर, तुम्ही... चालू ठेवली होती."

"मग?" मास्तर म्हणाले. "पाय चालत हुते की. पाय चालू असल्यावर चाल कशी थांबंल? आवाज तेवढा काढायचा न्हाई. त्यात काय, बँडवाल्याला एवढं यायलाच पायजे."

तनुजाबाईंच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. त्यांना ओळखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुक्ताबाई चौकट सोडून पुढे आल्या. "म्हंजी," त्या सावकाश म्हणाल्या, "माझ्या दारावरनं तुमी वाजवतच गेला."

रणजित चपापला. मास्तरांनी मात्र त्यांच्याकडे सरळ बघितलं. "व्हय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

बाई मास्तरांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसल्या.

"त्येस्नी मांड लई आवडायची," त्या म्हणाल्या. "वरात आली की हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन बसायचे. त्या दिवशी घरात आमाला कुणाला ऐकू आली न्हाई." त्यांनी डोळे पुसले. "त्येस्नी आली आसंल."

मास्तरांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. ते रडत होते, आणि ते लपवावं असं त्यांना वाटत नव्हतं.

"ही मला पायजे," मुक्ताबाई वैजनाथला म्हणाल्या. "आन मधी काय भरू नगंस."

वैजनाथनं सीडीचं पाकीट हातात घेतलं. खिशात मार्कर होताच, सहीसाठी आणलेला. त्यानं 'खंडित' हा शब्द खोडला आणि वर 'अखंड' लिहिलं. आता त्या अकरा सीड्या परत मागाव्या लागणार होत्या, प्रत्येकाला कारण सांगावं लागणार होतं, आणि तनुजाबाई ते जन्मभर विसरू देणार नव्हत्या. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

"परत लाव," मुक्ताबाई म्हणाल्या.

त्यानं परत लावली. घंटा वाजली, बँड थांबला, दिवा विझवायला कुणीतरी सांगितलं, बूट वाजू लागले. मास्तरांची बोटं चालत होती. ओट्यावर कुणी हललं नाही. आणि या खेपेला त्या अडतीस सेकंदांत वैजनाथला चाल ऐकू आली, सुरामागून सूर, अगदी स्पष्ट. ट्रंपेटवर माऊली होता.